घरचा कॉम्प्युटर कमी बजेटात जुळवताना: निवड भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करा

कमी पैशांत कॉम्प्युटर जुळवणारे बहुतेकजण सगळा विचार प्रोसेसरवर खर्च करतात आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर येईल तो घेतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हा क्रम उलटाच करायला हवा. प्रोसेसर कमी पडला म्हणून इथला घरचा कॉम्प्युटर क्वचितच बाद होतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते, खांबावरचा न्यूट्रल तुटतो, घराला नीट अर्थिंग नसतं, आणि मग एसएमपीएस जातो, जाताना मदरबोर्डही (पुढे नुसता बोर्ड) घेऊन जातो. म्हणून आधी वीज, मग एसएमपीएस, आणि प्रोसेसर त्यानंतर.

घरातली वीज आधी तपासा

डिजिटल मल्टिमीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवून, ज्या सॉकेटवर कॉम्प्युटर लागणार तिथे तीन मोजण्या घ्या. मीटरची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट यावेत. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच यावेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. फेज-अर्थचा आकडा बराच कमी आला किंवा स्थिर राहिला नाही, तर सॉकेटला तिसरं भोक असूनही अर्थिंग नाही असं समजा.

अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि त्यांचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. तो पत्रा अर्थला नसेल तर त्यावर मेन लाईनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब बसतो. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबीची केबल लावताना तो त्या पोर्टमधून वाट काढतो. "पेनड्राइव्ह लावला आणि पोर्ट गेलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

उपाय अर्थिंग करून घेण्याचाच. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे कधीही करू देऊ नका. पुढे कुठेही न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा.

दुसरा धोका तुटलेल्या न्यूट्रलचा. थ्री-फेज लाईनवरचा न्यूट्रल सुटला तर सिंगल-फेज घरात ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. एमसीबी करंट पाहून पडतो, व्होल्टेज पाहून नाही, त्यामुळे अशा वेळी तो वाचवत नाही. घरच्या विजेच्या मेन बोर्डात बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर दाब गेला की लाईन तोडतो, आणि त्याने टीव्ही-फ्रिजही वाचतात. स्टॅबिलायझरवर मात्र पैसे घालू नका. स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला चांगला एसएमपीएस तेवढ्या पट्ट्यात विनातक्रार चालतो, कमी व्होल्टेजचं त्याला भय नसतं.

यूपीएस मात्र घ्याच. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला ६०० व्हीए पुरतो. असा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि कॉम्प्युटर-मॉनिटर मिळून १२० वॅट घेत असतील तर नवी बॅटरी दहा ते पंधरा मिनिटं निघते. फाइल सेव्ह करून बंद करायला ती पुरे. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आताच धरा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर बरेच यूपीएस त्याची लाईन स्वीकारत नाहीत आणि बॅटरीवरच अडकून बसतात. इन्व्हर्टर नवा घ्यायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

इंटरनेटची वायर विसरू नका. केबलवाल्याची तांब्याची लॅन वायर गच्चीवरून, खांबावरून येत असेल तर वळवाच्या दिवसांत वीज त्या वायरीतून बोर्डाच्या लॅन पोर्टपर्यंत पोचते, यूपीएस असो वा नसो. फायबर मिळत असेल तर फायबर घ्या. नाहीतर ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर लॅन वायरही काढा.

एसएमपीएस: स्टिकर वाचून घ्या

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याकडे पाहू नका, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. तिथे १४ अँपिअर असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, आणि तो डबा प्रत्यक्षात तेवढाच. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३४ ते ३७ अँपिअर दिसतात. ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याची) खूण, प्रोसेसरसाठी ४+४ पिनची केबल आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी हवी. कॉर्सेअर, कूलर मास्टर, अँटेक, डीपकूल यांची ४५० वॅटची मॉडेलं घरच्या कामाला पुरून उरतात. मागे ११५/२३० असं लाल बटण असलेला जुन्या पद्धतीचा एसएमपीएस टाळा. ते बटण चुकून ११५ वर सरकलं आणि स्विच चालू केला की क्षणात सगळं संपतं.

४५० वॅट म्हणजे बिल वाढेल ही भीती चुकीची आहे. कॉम्प्युटर लागेल तेवढीच वीज ओढतो.

प्रोसेसर आणि बोर्ड: एकत्रच ठरवा

पैशांची साधारण वाटणी अशी ठेवा. मॉनिटर सोडून जे शंभर रुपये असतील त्यातले ४५ प्रोसेसर आणि बोर्डाला मिळून, ३० रॅम आणि एसएसडीला, १८ एसएमपीएस आणि यूपीएसला, उरलेले ७ कॅबिनेटला. २०२५ च्या अखेरीपासून कारखान्यांनी उत्पादन एआय सर्व्हरकडे वळवलं आणि रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे दुसरा आकडा थोडा वर जाईल. तो वाढवताना तिसऱ्यातून कापू नका, पहिल्यातून कापा.

अभ्यास, बँकेची कामं, कर्नाटकच्या भूमी पोर्टलवरचा जमिनीचा उतारा, थोडं अकाउंटिंग, व्हिडिओ पाहणं, एवढ्यासाठी इंटेलचा आय३-१२१०० पुरतो. चार कोर, आठ थ्रेड, आणि आत ग्राफिक्स आहे. याला एच६१० बोर्ड पुरतो. बोर्ड घेताना डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे विचारून घ्या, कारण एच६१० दोन्ही प्रकारांत मिळतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बोर्डावरच्या प्रोसेसरच्या या सॉकेटवर पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय५ बसवता येतो, तेव्हा बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करावा लागेल.

व्हिडिओ एडिटिंग, प्रोग्रॅमिंग किंवा मुलांचे हलके खेळ असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी पाहा. सहा कोर, बारा थ्रेड, आणि आतलं ग्राफिक्स आय३ पेक्षा बरंच ताकदीचं. ए५२० बोर्ड पुरतो. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस जुना असतो आणि हा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. दुकानदाराला समोर चालू करून दाखवायला सांगा. एएमडीचं नवं एएम५ सॉकेट पुढची अनेक वर्षं चालेल हे खरं, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि सध्याच्या भावात ती कमी बजेटला झेपत नाही.

नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. आय३-१२१००एफ स्वस्त दिसतो, पण एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. रायझन ५ ५५०० चंही तसंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपसाठी थ्रीडी ड्रॉइंग करणाऱ्यांना कार्ड लागणारच, त्यांनी असा प्रोसेसर घेतला तर चालेल. व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन मितींचं ऑटोकॅड आणि प्रोग्रॅमिंग असेल तर ५६००जी वर कार्डाशिवाय भागतं.

"आय५ आहे" म्हणून भुलू नका

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. पाटीवर "आय५, नवीन बोर्ड, एक वर्ष वॉरंटी" असतं. बोर्ड नवा असतो, पण एच६१ चिपसेटचा, म्हणजे २०११ चा आराखडा. प्रोसेसर आय५-३४७० असतो, तो २०१२ चा आणि जुन्या मशीनमधून काढलेला. आजचा आय३-१२१०० त्याच्या कितीतरी पुढे आहे. आय३, आय५, आय७ हे दर्जे त्या त्या पिढीतले. पिढी पुढच्या आकड्यात असते: ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. दुकानात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं पूर्ण नाव वाचा, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

आठवी पिढी ही रेघ लक्षात ठेवा. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. त्यामागच्या मशीनवर ११ आडमार्गाने चढवता येतं, पण पुढचे मोठे अपडेट अडतात.

बजेट फारच तुटपुंजं असेल तर ऑफिसमधून निघालेलं डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर आय५-८५०० सह घेणं हा प्रामाणिक मार्ग आहे. सहा कोर आहेत आणि विंडोज ११ रीतसर चालतं. एकच अडचण: या मशीनचा एसएमपीएस त्यांच्या खास आकाराचा आणि खास पिनांचा असतो. तो गेला तर बाजारातला साधा बसत नाही. म्हणून अशा मशीनला यूपीएस आणि अर्थिंग नव्या मशीनपेक्षाही जास्त गरजेचं.

रॅम आणि एसएसडी

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी न ठेवता रॅममधूनच घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. रॅमचे दोन्ही चॅनल (मार्ग) चालू झाले की ५६००जी वर खेळ आणि व्हिडिओत ठळक फरक पडतो. पैसे कमी असतील तर आता ८ ची एकच घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. ४ च्या दोन पट्ट्या घेऊन दोन्ही स्लॉट भरू नका, पुढे वाढवताना त्या काढूनच टाकाव्या लागतात. डीडीआर४ मध्ये ३२०० ची घ्या.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (जास्त वेगाच्या जोडणीची). विंडोजमध्ये ५१२ ची ४७६ जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. एम.२ आकाराची (बोर्डावर थेट बसणाऱ्या पट्टीसारखी) प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. काही साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) असतात, आणि फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये त्या बसतात पण दिसत नाहीत. जुनी एसएसडी घेऊ नका. फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जुनी हार्डडिस्क हवी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून किती तास चाललीय आणि पिवळी खूण येते का ते पाहा. पिवळी आली तर फुकट मिळाली तरी नको.

मॉनिटर २२ किंवा २४ इंच, आयपीएस पडद्याचा (बाजूनेही रंग नीट दिसतात), १९२० बाय १०८०. बसवेपर्यंत थांबू नका, दुकानातच पांढरा आणि काळा पडदा लावून ठिपके तपासा. कॅबिनेटला पुढे जाळी आणि मागे एक पंखा असला की झालं. काचेच्या पुढच्या बाजूचं आणि दिव्यांचं कॅबिनेट हवा अडवतं. निपाणी परिसरातली तंबाखूची धूळ आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांची उडती राख आत जाऊन बसते, म्हणून काढून धुता येणारी जाळी असलेलं निवडा.

कुठून घ्यायचं

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगावकरांना हुबळीही जवळ. जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच, १८ टक्के. तेव्हा कर वाचवायला सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. वॉरंटीसाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा ठिकाणाहून एसएमपीएस, बोर्ड आणि मॉनिटर घ्या, कारण बिघडण्याचा संभव यांचाच जास्त. प्रोसेसर आणि रॅम ऑनलाइन किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून घेतली तरी चालते. प्रोसेसर बॉक्सवालाच घ्या, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि पंखा मिळतो. बॉक्सशिवाय येणाऱ्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी दुकानदारावर अवलंबून. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. "कॉम्प्युटर सेट १ नग" असं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

जोडणी

अंगावरच्या स्थिर विजेने भाग जाऊ नयेत म्हणून नायलॉनचे कपडे आणि सतरंजी टाळा, आणि मधूनमधून अर्थ असलेल्या पत्र्याला हात लावा. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा.

१. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये (५६००जी चं सॉकेट) प्रोसेसरला. दोन्हीकडे प्रोसेसर आपल्या वजनाने बसतो, दाबायचं नाही. इंटेलची दांडी लावताना मात्र बराच जोर लागतो आणि काळं झाकण उडून निघतं, ते तसंच असतं.

२. रॅमची खाच जुळवून टक असा आवाज येईपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा.

३. एसएसडी तिरकी घालून आडवी करा आणि छोटा स्क्रू लावा. हा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पिशवीत असतो, तो फेकला जाऊ देऊ नका.

४. एएमडीच्या पंख्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढा, खालची पाठीमागची प्लेट हाताने धरून ठेवा आणि चार स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरचे आवळा. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोर दाबा आणि बोर्ड उलटून चारही पूर्ण बाहेर आल्यात का ते पाहा. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर लगेच तापतो. पंख्याला लावून आलेल्या पेस्टला बोट लावू नका, आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

५. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बाहेरच चालू करून पाहा. २४ पिनची मोठी केबल, प्रोसेसरची ४+४ पिनची केबल आणि बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बायोस दिसला की रॅम आणि एसएसडी मोजून घ्या.

६. मग कॅबिनेट. बोर्डाच्या पोर्टांभोवती येणारी मागची पत्र्याची पट्टी आधी बसवा. बोर्ड ज्यांवर बसतो त्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात, जास्तीची एक जरी राहिली तरी बोर्डामागे शॉर्ट होतो. समोरच्या बटणाच्या वायरीत पॉवर स्विच कसाही लावा, दिव्यांना मात्र धन-ऋण पाहावं लागतं.

७. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वर चालते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

चालू झाला नाही तर

पंखे फिरतात पण चित्र नाही: पहिल्यांदा ४+४ पिनची केबल पाहा, ती विसरणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. मग रॅमची एकच पट्टी ठेवून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. मग मॉनिटरची केबल. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम) असे छोटे दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथे दोष शोधा.

क्षणभर पंखा हलतो आणि बंद: शॉर्ट. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुन्हा पाहा. बाहेर चालला तर पितळी खुंटी किंवा मागे पडलेला स्क्रू.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो: बायोसमध्ये तापमान पाहा. नुसता उभा असताना ४० ते ५५ अंश ठीक, ८० च्या वर असेल तर पंखा नीट बसलेला नाही. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात आणखी पाच-सात अंश धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये अचानक चित्र यायचं बंद झालं, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, तर आधी रॅम काढा. सोनेरी टोकांवर दमटपणाने थर चढतो. पांढऱ्या खोडरबराने हलकं पुसून, कण झटकून परत लावा. पावसाळ्यात वापर नसला तरी दोन दिवसांआड अर्धा तास चालू ठेवला तर आतली हवा कोरडी राहते.

मराठी आणि कन्नड दोन्ही

सीमाभागातल्या घरात दोन्ही लिप्या लागतात. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा कळफलक) असतं, आणि त्यात क, त, प हे उच्चार दोन्ही लिप्यांत त्याच कळांवर आहेत. मराठी टायपिंग एकदा बसलं की कन्नडसाठी हात नव्याने शिकवावा लागत नाही. सरकारी कामासाठी नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) फाइल मागितली तर विंडोज लागेल. ते लागत नसेल आणि लायसन्सचे पैसे वाचवायचे असतील तर लिनक्स मिंट (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डिजिटल सही किंवा टॅली वापरायची असेल तर मात्र विंडोजचं रीतसर लायसन्स बजेटमध्ये आधीच धरा. ऑनलाइन दोन-चारशेत मिळणाऱ्या चाव्या पुढे कधीही बंद पडू शकतात.

सगळी खोकी वर्षभर जपा. बोर्डाचं आणि एसएमपीएसचं तर वॉरंटी संपेपर्यंत, कारण सर्व्हिस सेंटरला पाठवताना तेच पॅकिंग लागतं.